सहापैकी एक

मिरज शहर ठाण्याच्या मुद्देमाल खोलीतून
अण्णांची वस्तू सुटली अकरा महिन्यांनी.
वारस दाखला, दादाचं संमतीपत्र, धाकटीचं संमतीपत्र,
माझ्या नावाचा नवा परवाना, सगळ्याच्या तीन तीन प्रती.
हवालदारानं सुतळीचं लेबल कापलं, म्हणाला,
सही इथं. आणि इथं.
रक्ताची पिशवी नेताना नातेवाईक करतात
तशी मी सही केली, न वाचता.

नूरुद्दीन शिकलगारांचं दुकान सतारींच्या गल्लीत.
दोन्ही बाजूंना वाळत टांगलेले भोपळे,
मध्ये यांचा एकट्याचा बंदूक-दुरुस्तीचा परवाना, काचेत.
आमचे पणजोबा तलवारींना पाणी द्यायचे, ते म्हणाले.
तलवारी संपल्या, भाऊबंद तारांकडे वळले.
आम्ही राहिलो लोखंडापाशी.
मग त्यांनी चामड्याचं म्यान दोन बोटांनी दूर सारलं.
यात ठेवत होता?
अण्णा ठेवायचे.
चामडं ओल धरून बसतं, बाई. वर्षानुवर्षं.

मी पर्समधून हातमोजे काढले.
रक्तपेढीत नोकरी, सवय आहे.
तेव्हा कुठं ते हसले.

खटका दाबताच ती कमरेत मोडली,
वाकून नमस्कार करावा तशी,
आणि चक्रातून एक बारका तारा वर आला,
परत आत गेला.

भिंगाखाली मुकुट निघाला, मुकुटाखाली सन: १९१८.
आमच्या घरात सन सोळा होता.
बसऱ्याच्या अलीकडे, मरणाऱ्या साहेबाला
पणजोबांनी पखालीतलं शेवटचं पाणी पाजलं
आणि त्यानं ही हातात ठेवली.
दर खंडेनवमीला, पाटावर, हळदीकुंकवाबरोबर
हीच गोष्ट.
हा डाग ओल्या झेंडूचा, शिकलगार म्हणाले,
नळीवरच्या तपकिरी गोलावर नख न टेकवता.
घासू नका. घासलेली जुनी वस्तू
नवीही होत नाही, जुनीही राहत नाही.

मुठीच्या काळ्या तक्त्याला तडा कसला?
आईनं खिळा ठोकला होता.
हातोडी सापडेना, कॅलेंडर तर टांगायचंच होतं.
त्यांनी वहीत लिहिलं: मूठ, वजा.

मग बराच वेळ गप्प.
सांगाड्यावर एक नंबर, चक्रावर दुसरा.
दोन मेलेल्यांची मिळून एक जिवंत केलीय कुणीतरी,
कुठल्यातरी तंबूत, घाईनं.
जुळते असते तर दीड लाख. आता पंचेचाळीस,
तेही परवानेवाला हौशी भेटला तर.

आणि हे बघा.
टॉर्च धरला. सहा घरं.
पाच आतून आरशासारखी.
एक खवलेलं, देवीचे वण असावेत तसं.
जुन्या दारूचा क्षार. उडवली, आणि पुसली नाही.
एकदाच.

कुणावर, हे मी विचारलं नाही.
चक्र दुसऱ्याचं, म्हणजे गोळीही दुसऱ्याची
असं विचारलं.
शिकलगार तेलाची बाटली उघडत होते.
लोखंड एवढंच सांगतं, म्हणाले,
पुढचं माणसं जोडतात.

पातळ तेल, अगदी थोडं. मऊ सुती कापड.
म्यान वेगळं, ती वेगळी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघायचं.
मी रक्ताच्या नमुन्यांसारखं सगळं कागदावर उतरवून घेतलं,
तारीख घातली.

रात्री चिंचवडहून दादाचा फोन.
किती?
एक, मी म्हणाले.
एक काय? लाख?
भिंतीवर आईचा खिळा होता, थोडा तिरका,
त्याला चालू महिना लटकत होता.
आवाज नीट येत नाही रे, म्हटलं,
उद्या बोलू.