बुटातला गोटा

शाळेच्या भिंतीवर लढाई काढायची ठरली
तेव्हा मी सहावीत होतो,
उरकुडा पेंटरचे डबे धरायला
गणिताच्या तासातून सुटलेला.

हेडमास्तरांनी नमुन्याला कॅलेंडर दिलं:
जळता रणगाडा, त्यावर झेंडा,
ओरडत धावणारे सात जवान,
सातांच्याही मिशा एकाच मापाच्या.
पेंटरनं मान हलवली.
त्यानं जन्मात रणगाडा पाहिला नव्हता,
म्हणून त्याचा रणगाडा झाला
थोडा धानाच्या मळणीयंत्रासारखा,
आणि बर्फाचा डोंगर, कितीही पांढरा ओतला तरी,
बोडीच्या पाळीएवढाच उंच.

रिटायर सुभेदार बकारामजी सायकल टेकवून
बराच वेळ पाहत राहिले.
"चित्रात एवढा आवाज काहून केलास गा?
तिथं तं जास्त करून वाटच पाहा लागते.
आन् बुटात गोटे जातेत."

दुसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात, नळाजवळ,
जिथं पोपडे निघाले म्हणून जागा सोडली होती,
तिथं आठवा जवान बसला.
एका हातात बूट, उलटा.
तोंड खाली, चेहरा नाहीच.
फक्त आपल्याकडे वळलेला तळवा,
चैत्रातल्या बांधीसारखा भेगाळलेला.
"हा कोणत्या लढाईतला?" हेडमास्तर तापले.
"याच लढाईतला, सर," म्हणाला पेंटर,
आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.

सव्वीस जानेवारीला पाहुण्यांनी हार घातला
रणगाड्याला. त्याच्यासाठी खिळाही होता.

पण पहाटे चारला भरतीसाठी धावणारी पोट्टी
गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायची
ती नळाकडच्या कोपऱ्यापाशी.
कोणी काही बोलायचं नाही.
एखादा तिथंच बसून आपला बूट काढायचा.

भागरथाबाईचा धर्मपाल त्यांतलाच.
दोनदा छाती भरली नाही, अर्ध्या सेंटीमीटरनं.
तिसऱ्यांदा नागपूरला तो पळाला
मामेभावाचे बूट घालून, एक नंबर लहान.
परत आला तेव्हा मोजे पायाला चिकटले होते.
तुमसरच्या राइस मिलमध्ये लागला मग,
तिथंच आहे.

भागरथाबाई नळावर गुंड भरायची
आणि ओल्या अंगठ्यानं
त्या तळव्यावरची धूळ पुसायची.
नमस्कार नव्हे तो.
शेंबूड पुसावा लेकराचा, तसं.
रोज. वर्षानुवर्षं.
रणगाडा टिकला, मिशा टिकल्या,
टाच गेली.

आता पवनीला माझं फ्लेक्सचं दुकान आहे.
निवडीचं अभिनंदन, वीराला श्रद्धांजली,
दोन्हींना मी तोच सूर्यास्त लावतो,
तीच बंदूक, तीच काळी आकृती,
दहा बाय वीसला ताणली तरी फुटत नाही.
लोक म्हणतात, भारी.
फोटो काढतात समोर उभं राहून.
पावसाळ्यात त्याच फ्लेक्सनं
तणसाचे ढीग झाकतात.
ओला अंगठा मात्र कोणाचा लागलेला
मी पाहिला नाही अजून.

गेल्या वर्षी भिंत उजळायला
उरकुडा पेंटरला परत बोलावलं.
डोळ्यात मोतीबिंदू, हात कापरा,
म्हणून ब्रश माझा, बोट त्याचं.
साती मिशा काळ्या केल्या, झेंडा केला,
मळणीयंत्राची आग पेटवली.
कोपऱ्यात आलो. विटा दिसत होत्या टाचेतून.
मी रंग कालवायला घेतला.
"राहू दे," म्हणाला.
"तिथं धरत नाही आता."
आणि बिडी शोधत बसला, जी कानावरच होती.

संध्याकाळी भागरथाबाई आली, काठी टेकत.
भिंतीजवळ नाक नेऊन उभी राहिली.
ताज्या रंगाचा वास, तिचं कपाळ आक्रसलेलं.
"मले दिसत नाही गा बापा.
घातला का बूट त्यानं?"

मी पाहिलं. पेंटर माझ्याकडे पाहत होता.
"नाही, मावशी. झटकतेच हाय अजून."

"बरं," म्हणाली ती,
आणि गुंड नळाखाली सरकवला.
"निघू दे मंग. नीट निघू दे."