हवेचे पैसे नाहीत

फळीवरचा रंग खरवडला
तर खालून इटालियन अक्षरं निघतात अजून.
मालक जहाजानं गेला, घाईघाईत,
थकलेल्या पगारापोटी पान्हे ठेवून,
आणि हाब्तेझ्गी, कालपर्यंत झाडू मारणारा,
गल्ल्यावर बसला. गल्ला म्हणजे बिस्किटांचा डबा.

पंक्चरचे पैसे, आऱ्यांचे पैसे,
हवेचे नाहीत, त्यानं सांगून टाकलं.
हवा काय माझ्या बापानं भरून ठेवलीय?

देकेमहारेत पोरं आधी पेडल शिकायची, मग पाढे.
पाववाला यायचा, पोस्टमन यायचा,
झगा कमरेत खोचून एक पाद्रीसुद्धा.

मग लढाई.
टायरांच्या चपला झाल्या
आणि चपला डोंगरात निघून गेल्या,
त्यांत थोरला, तेस्फालेम.
वाटेवरच्या ठशांत चाकाची नक्षी दिसे.
म्हातारा म्हणे, रबर झिजतंय ना,
म्हणजे कुणीतरी चालतंय.

पंप त्यानं निवडुंगाखाली पुरला,
तेल पाजून, गोणपाटात.

लेतेब्रहाननं तो उकरला तेरा वर्षांनी.
बाप नव्हता. भावाचं नाव आलं होतं, कागदावर.
आतलं चामडं खारकेसारखं कडक.
रात्रभर तेलात ठेवलं,
सकाळी दांडा दाबला:
आधी खोकला, मग माती,
मग हवा.

आता ब्रेकच्या तारा मिळत नाहीत,
मिळाल्या तर परवडत नाहीत.
दुपारी ती दारात कॉफीचे दाणे भाजत बसते.
एखादं पोरगं चाक ढकलत येतं,
खिशातलं नाणं चाचपतं.
ती मान हलवते, पंपाकडे बोट करते.
पाय घट्ट रोव, म्हणते,
उडी मारतो तो.