त्र्याण्णव-सात

ऑर्विल लिंडक्विस्ट काचेला नाक लावून वाचतो,
चष्मा ट्रकमध्ये राहिलाय.
त्र्याण्णव. सात.
शंभरात सात वाटे चरबी, मी सांगते.
ते त्याला काय सांगायचं!
नेब्रास्कातल्या कत्तलखान्यात एकतीस वर्षं
सुरी चालवलेला माणूस.
नुसत्या चिमटीत धरून सांगायचा,
ही गाय मक्यावर वाढली, ही गवतावर.

"टर्कीचा दे," आवाज खाली,
जणू मागे कुणी जुना जोडीदार उभाय.
मी विचारते, नुसत्या छातीचा, की सगळा?
कातडीसकट दळलेला नेलास तर फसशील.
नाव पाखराचं, चरबी तेवढीच.
तो हसतो. बायपासनंतर पहिल्यांदा.

डोरिस असती तर ओट्स घातले असते,
गाजर किसून,
कोरडा पडू नये म्हणून.
त्याला कृती येत नाही.
मी गुंडाळायच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिते:
मशरूम बारीक चीर. झाकण ठेव.
उलथन्यानं दाबू नकोस, रस जातो.

न वाचताच कागद टोपीत जातो.
मग त्याचं बोट काचेवर सरकतं,
कोपऱ्यातल्या ऐंशी-वीसपाशी थांबतं.
"हा देखणा आहे," एवढंच.
आहे खरा, मी म्हणते,
आणि काट्यावर फिकट गुलाबी गोळा ठेवते.

अर्धाच पौंड कर, म्हणतो.
पूर्वी चार न्यायचा.

सुतळीची गाठ मात्र
मला मारू देत नाही.