लाइनवर राहा

त्रिशलाकाकू मगदूम तीस वर्षं सांगलीच्या एक्स्चेंजमध्ये
हेडफोन लावून बसल्या. निजामाबाद मागा, इरोड मागा,
मार्केट यार्डातले अडते हळदीचा भाव ओरडायचे
थेट त्यांच्या डाव्या कानात.
तो कान आधी गेला.
उजव्याला गेल्या दिवाळीपर्यंत
देवळातली घंटा तेवढी ऐकू यायची.

यंत्र मागवलं मोबाइलवरची जाहिरात बघून.
चौदा हजार नऊशे. कुजबुजही ऐका, असं लिहिलं होतं.
कार्ड त्यांचंच, मुदत ठेवीवर बँकेनं दिलेलं,
इतके दिवस पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये झोपलेलं.
आलं ते शिट्टी मारायचं.
माणसाचं बोलणं सोडून सगळं मोठं करायचं:
पंखा, नळ, स्वतःच्याच पदराची सळसळ.

दुकानदार म्हणाला, सात दिवस उलटले.
पार्सलच आठव्या दिवशी आलं होतं.
मग त्याचा नंबर लागेना झाला.

मी वरच्या खोलीतली भाडेकरू, विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानात कामाला,
कागद म्हटलं की गल्ली मलाच हाक मारते.
म्हटलं, काकू, दुकानदाराचा नाद सोडा, कार्डवाल्यांना धरू.
पैसे ज्यांच्या हातून गेले, त्यांनीच ओढून आणायचे.
काकूंनी माझ्या ओठांकडं नीट बघितलं
आणि चहा ठेवायला गेल्या.

फोनवरची मुलगी गोड होती आणि ठाम.
तक्रार कार्डधारकानंच करायची, मॅडम,
त्यांना फोन द्या.
अहो, त्यांना ऐकू येत नाही,
तीच तर तक्रार आहे.
हो मॅडम. पण नियम आहे.

तर आम्ही असे बसलो: फोन स्पीकरवर,
दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर पालथं,
मी लिहिणार, काकू वाचणार, काकू बोलणार.
जन्मतारीख. आईचं नाव.
आईचं नाव त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं
की समोरचे आवटी गॅलरीत आले.
माल मिळाला नाही, की सांगितल्यासारखा मिळाला नाही?
दुसरं, काकू म्हणाल्या. दुसरं लिही गं बाई.
मग मी लिहिलं,
लाइनवर राहा म्हणतेय.

काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मग पाठ एकदम ताठ झाली
आणि जो आवाज निघाला तो मी या घरात ऐकला नव्हता,
सपाट, सरकारी, देखणा:
"तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"
पलीकडं शांतता.
मग त्या मुलीला हसू फुटलं, नियम असूनही.
ते हसू कॅलेंडरवर कसं लिहायचं
मला सुचलं नाही.

पुढं कागदच कागद.
मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं,
हे श्रवणयंत्र नव्हे, नुसता आवाज वाढवायचा डबा आहे.
दुकानदारानं पुरावा धाडला: दारातल्या खोक्याचा फोटो.
पोचलं हो, नाही कोण म्हणतंय?
पैसे जमा झाले, तात्पुरते.
महिन्यानं परत गेले.
आम्ही शिट्टीचा व्हिडिओ पाठवला,
त्यात मागं कुकरचीही शिट्टी होती,
ती वेगळी आहे असं खाली लिहावं लागलं.

शेवटी श्रावणाच्या स्टेटमेंटात एक ओळ, जमा.
काकूंनी तिच्यावर बोट ठेवलं, चष्मा वर केला,
पुन्हा खाली केला. डबा परत कुणी मागितलाच नाही,
तो अजून सुईदोऱ्याच्या टोपलीत आहे.

मग मला म्हणाल्या,
ती मुलगी गं. आवाज कसा होता तिचा?
बारीक? सर्दी झाल्यासारखा?

मी कॅलेंडर ओढलं. आता भाद्रपदाची पाठ.
लिहिलं, रात्रपाळीचा.

वाटलंच, काकू म्हणाल्या.
जेवली नसणार.