मागाची जागा

माग भंगारात गेला त्या दुपारी
फरशीत चार भोकं राहिली, बोल्टांची,
आणि तेलाचा एक डाग, सोड्यानं न निघणारा.
खोली एवढी मोठी आहे
हे बावीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

दोन महिने तिथं काही ठेवलं नाही आम्ही.
सायकलसुद्धा नाही.
हे अक्कलकोट रोडला रात्रपाळीला जायचे, दुसऱ्याच्या मागावर.
पहाटे परतले की त्या दारावरून जाताना
चप्पल वाजू द्यायचे नाहीत.

मग एका मंगळवारी नळ आला, नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त.
पिंप भरलं, घागरी भरल्या, कुकरसुद्धा भरला,
तरी दोन बादल्या उरल्या.
मी ती खोली धुतली.

पहिल्यांदा चिंध्या काढल्या.
टॉवेलच्या किनारी, चादरींचे कापलेले कोपरे,
किलोवर विकायला कोंबलेल्या तीन गोण्या.
रंगानं लावायचं ठरवलं. पण रंग कुठं ऐकतात?
लालात राणी शिरते, राणीत जांभळा.
शेवटी डब्यांवर माझ्याच मनानं चिठ्ठ्या लावल्या:
लालसर.
निळसर.
उन्हात विटलेले.
बघू.
सगळ्यांत आधी भरला तो ‘बघू’चा डबा.

मागाची फणी वाचली होती, ती भिंतीला ठोकली,
तिच्या दातांत सुया, हूक, चिमटे.
विड्या वळायचं माझं सूप आता बटणांना.
तंबाखूचा वास जात नाही,
शर्टाला बटण लावलं की दिवसभर
कुणीतरी शेजारी बसून विडी वळतंय असं वाटतं.
पान कापायची कात्री मात्र तीच.
तिला काय, पान काय नि कापड काय.

येलदींची भार्गवी शाळेतून थेट इकडंच येते.
तिला शिकवलं:
तीन पट्ट्या घे, वेणी घाल, घट्ट नको,
मग गोल गोल बसवत टाके घालत जा,
पातेल्याएवढं झालं की थांब.
‘काकू, चुकलं तर?’
‘उसवायचं की.
मागावर चुकलं तर मजुरी कापायचे,
इथं कोण कापायलंय?’
तिचं पहिलं बूड-पुसणं बशीसारखं वर वळलं.
तिनं त्यात शेंगा ठेवल्या.
मग तशीच सहा केली आम्ही, मुद्दाम चुकवून.

रिकाम्या कांड्यांच्या खुंट्या झाल्या.
जुन्या चादरीच्या पिशव्या, आतून खिसा, मोबाईलपुरता.
धोट्याचं काही केलं नाही.
भार्गवी म्हणाली, यात मनीप्लांट लावू.
मी म्हटलं, नको.
तिनं पुन्हा विचारलं नाही, शहाणी आहे.

राहिली होती जेकॉर्डची पत्ती,
पुठ्ठ्याची, भोकाभोकांची, दोऱ्यात ओवलेली माळ,
मोराच्या चादरीची.
रद्दीवाला घेईना. मी खिडकीत टांगली, पडद्याजागी.
एप्रिलचं ऊन, तुम्हाला सोलापूरचं ठाऊक असेल,
दहा वाजताच भिंत तापवतं.
ते भोकांतून आलं आणि फरशीवर
ठिपके सांडले, शंभर, दोनशे,
काही बोल्टांच्या भोकांत पडले, काही तेलाच्या डागावर.
भार्गवी पावलं त्यांच्यात टाकत बसली, लंगडीसारखी.

परवा हे पाळीवरून आले, दारात थांबले.
आत आले नाहीत. नुसते फरशीकडं बघत राहिले,
बोटानं हवेत काहीतरी मोजत,
ओठ हलत होते, तेलुगूत.
चहा निवला.
मग म्हणाले,
‘उलटी टांगलीयस.
मान खाली गेलीय मोराची.’

‘मग द्या की सरळ करून,’ मी म्हटलं,
आणि सुईत दोरा ओवायला लागले, ओवला होता तरी.

त्यांनी चप्पल बाहेर काढली.