ठराव क्रमांक अकरा

एकतीस वर्षं या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून
मी इतिवृत्त लिहिते आहे.
कोण काय म्हणालं ते. कसं म्हणालं ते नाही.
तसा नियमच आहे.

आज एक वाक्य ठेवायचं की काढायचं, एवढंच.
'ख्रिस्ताच्या मागे चालणारी माणसं घडवणं' –
कमानीच्या दगडात कोरलंय, लेटरहेडच्या माथ्यावर छापलंय.
त्याच्या जागी 'मूल्याधिष्ठित नेतृत्व'.
सल्लागाराने ते पडद्यावर निळ्या अक्षरांत दाखवलं
आणि कोणालाच वाईट वाटेना.
वाईट वाटण्याजोगं त्यात काही नव्हतंच.

वाल्डो गोएर्त्झन उठले. कॅन्ससमध्ये एकोणीसशे एकर गहू त्यांचा.
म्हणाले, पणजोबा रशियातून निघाले तेव्हा
ट्रंकेत बियाणं होतं
आणि बंदूक हातात धरणार नाही हा हट्ट.
मूल्यांसाठी नाही रचले त्यांनी हे दगड.
बोलताना आवाज फाटला, पाण्याचा पेला लागला.
मी लिहिलं : श्री. गोएर्त्झन यांनी विरोध नोंदवला.

खरंच बोलत होते ते.
आणि शिस्त समितीवर होते त्या वर्षी
ऑर्फा नावाच्या मुलीला दिवस गेले,
तर जानेवारीत तिला घरी पाठवणारेही तेच.
बस थांब्यापर्यंत तिची बॅग मी उचलली होती.
इतिवृत्तात आहे ते. तीन ओळी, माझंच अक्षर.
बॅगेचं नाही.

लिओना रेम्पेल म्हणाल्या, काढा.
रसायनशास्त्र शिकवतात. चर्चला फिरकत नाहीत, गावाला ठाऊक आहे.
निम्मी मुलं आता बाहेरची, म्हणाल्या,
कमानीखालून येताना अंग चोरतात.
मला आठवला लिबान,
ज्याच्या बापाची बोटं मांसाच्या कारखान्यात गेली,
आणि त्या रात्री बर्फातून त्याला इस्पितळात नेणारी गाडी रेम्पेलबाईंची.
चार तास. मग सकाळपर्यंत बाकड्यावर.
विचारलं तर म्हणाल्या,
माझ्याच गाडीला हिवाळी टायर होते.

दोन तास दहा मिनिटं चालला ठराव अकरा.
कोणी रडलं, कोणी शास्त्रवचन काढलं,
कोणी पटसंख्या. प्रवेश घटलेत, हेही खरंच.
शेवटी ठरलं, पुढच्या बैठकीत बघू.

बारावा विषय, अभियांत्रिकीच्या नव्या इमारतीची देणगी.
विचिटाची कंपनी, विमानांचे सुटे भाग.
कुठली विमानं, ती काय वाहून नेतात,
हे कोणी विचारलं नाही.
कॉफी गार झाली होती, बाहेर वारा सुटला होता,
दूरच्या लोकांना अंधाराआधी निघायचं होतं.
गोएर्त्झन यांनी अनुमोदन दिलं.
रेम्पेलबाईंच्या प्रयोगशाळेचं छप्परही त्याच पैशांतून होणार.
चार मिनिटं.
मी लिहिलं 'एकमताने', आणि तारीख घातली.

माझा हात वर गेला नाही असं मी म्हणू शकते.
चिटणिसाला मत नसतं.

मग प्रार्थनागृहाला कुलूप लावायला गेले.
पाय धुण्याचं जुनं एनॅमलचं तसराळं,
गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ज्यात
प्राचार्य माळ्याचे पाय धुवायचे आणि माळी प्राचार्यांचे,
ते तिसऱ्या बाकाजवळ ठेवलंय, गळतीखाली.
काठोकाठ भरलं होतं.
ओतून आले. परत ठेवताना जागा चुकली असावी,
दाराशी पोचले तोवर
थेंब लाकडावर पडल्याचा आवाज आला.

परत गेले. हातभर सरकवलं.
थांबून ऐकलं.
अजून थोडं डावीकडे.