अंड्याचा तवा

अंड्याचा तवा वेगळा.
गोठ्याच्या मागल्या भिंतीवर, खिळ्याला,
तुटक्या छत्रीच्या बाजूला तो लटकलेला असायचा.
रांधणीचा उंबरा त्यानं कधी पाहिला नाही.

माय माळकऱ्यांच्या घरची.
लग्नाच्या बैठकीत तिच्या बापानं म्हणे एवढंच सांगितलं,
"माही पोरगी वावरात जाईन, शेण काढीन, पाणी भरीन,
पण अंडं फोडनार नाही."
बाबानं मान हलवली.
एकोणीस वर्षं मग तो स्वतःच फोडत राहिला.

रविवार. अंगणात तीन दगड.
पऱ्हाटीचा जाळ कसा, फडफड पेटतो
आणि तुम्ही दुसरीकडे पाहिलं की गेला,
म्हणून काड्या सारायला एक जण लागतो. ती मी.
दिनू सडकेवर उभा राहून
शकूरभाईची सायकल अडवायचा.
मागच्या पत्र्याच्या पेटीत डबलरोटी,
आर्वीहून इथवर येईस्तोवर हाडासारखी झालेली.
तेलात टाकाले अशीच पाह्यजे, बाबा म्हणायचा,
ताजी असली तं बसते तेल पीत, येड्यावानी.

जवसाचं तेल. त्याचा तो कडवट वास.
भिवापुरी मिरचीचे तुकडे.
डालीखालच्या कोंबड्या आपसात कुरकुरत,
त्यांच्या पोटचं काय चाललंय त्यांना ठाऊक नसल्यासारख्या.

माय दारात, आमच्याकडे पाठ करून,
चहात शिळी भाकर बुडवत बसलेली.
वळून पाहायची नाही.
पण तव्यातला आवाज चर्रवरून चिरचिरवर आला
की तिथूनच म्हणायची,
"पलटवा आता."
आणि नेमकी तीच वेळ असायची.

माघात जिनातल्या गठाणीवरून बाबाचा पाय घसरला.
उजवा हात कोपरापासून पांढऱ्या प्लास्टरात,
गळ्यात बांधलेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
रविवारी तो बाजेवर बसून आम्हाला सांगू लागला,
असं धर, तसं मार, हलक्या हातानं बे!
दिनूनं पहिलं अंडं दगडावर सांडलं.
दुसरं माझ्या फ्रॉकवर.
तिसऱ्याला हात घातला तर
माय उठली.

चहा तसाच राहिला, भाकर त्यात बुडालेली.
"राहू दे व," बाबा म्हणाला, "पोहे कर."
"तुमी मुकाट बसा."
तिनं पदर खोचला.
गळ्यातली तुळशीची माळ
फिरवून पाठीवर टाकली,
तिला दिसू नये अशी.

अंडं तिनं नारळासारखं फोडलं.
देवळाच्या पायरीवर फोडतात तसं, पूर्ण जोर लावून.
टरफल तव्यात, पिवळं बांगड्यांवर,
बाबा हसायला लागला आणि हात दुखला म्हणून थांबला.
पुढचं तिनं डोळे मिटून केलं,
खरंच मिटून,
मान थोडी तिरपी, कान तव्याकडे.
आम्ही कुणी बोललो नाही.
तिनं आपलं आपणच म्हटलं, "पलटव आता,"
आणि पलटवलं.

कडा सोनेरी, मधे मऊ. डबलरोटी कुरकुरीत.
बाबानं डाव्या हातानं घास घेतला.
"मीठ झालं का बरोबर?"
"झालं न."

तिनं राखेनं हात घासले, तीनदा.
वास घेऊन पाहिला, पुन्हा घासले.
तवा पुसून खिळ्याला लावला, छत्रीच्या बाजूला,
आणि गार चहातून भाकर बोटानं काढत
दारात जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.
माळ अजून पाठीवरच होती, म्हणजे
आता ती आम्हालाच पाहत होती.

मीठ तिनं दोनदा टाकलं होतं.
आम्ही सगळ्यांनी आणखी मागून घेतलं
आणि संध्याकाळपर्यंत
रांजण दोन वेळा भरावा लागला.